ॲस्पिरिन न सोसणारा दमा: ओळख, तपासणी आणि उपचार कोणत्या क्रमाने करायचे

नाकातलं वाढलेलं मांस काढलं तरी वर्षा-दोन वर्षांत पुन्हा वाढतं. वास येणं बंद झालंय. दमा लहानपणी नव्हता, तिशी-चाळिशीत लागला. आणि अंगदुखीची एखादी गोळी घेतली की तासाभरात नाक चोंदतं, छाती आवळते. ही चारही लक्षणं एकाच आजाराची आहेत. डॉक्टर मंडळी त्याला एईआरडी म्हणतात, म्हणजे ॲस्पिरिन आणि तिच्या जातीच्या वेदनाशामकांनी भडकणारा श्वसनविकार.

सोलापुरात हा रुग्ण बहुतेकदा तीन दारांत वाटला जातो. नाकासाठी कान-नाक-घसा तज्ज्ञ, दम्यासाठी छातीचे डॉक्टर आणि गोळीसाठी कोपऱ्यावरचं मेडिकल. यंत्रमागावरच्या कामगाराला सुताच्या धुळीचा त्रास आणि विडी वळणाऱ्या बाईला तंबाखूचा त्रास असं सांगून विषय संपतो. उपचार उपलब्ध आहेत, पण ते चुकीच्या क्रमाने होतात आणि म्हणून वाया जातात. पुढचे टप्पे क्रमानेच घ्या.

## टप्पा १: गोळी शरीरात काय करते, ते समजून घ्या

हे समजलं नाही तर पुढचे निम्मे नियम विनाकारण जाच वाटतात.

पेशींच्या आवरणात ॲरॅकिडॉनिक आम्ल असतं. त्यापासून दोन वाटांनी रसायनं तयार होतात. कॉक्स या विकराच्या वाटेने प्रोस्टाग्लँडिन बनतात, तर ५-लायपॉक्सिजनेजच्या वाटेने ल्युकोट्राइन. श्वासनलिका आवळणं, नाकाचं अस्तर सुजवणं, शेंबूड आणि कफ वाढवणं ही ल्युकोट्राइनची कामं. प्रोस्टाग्लँडिन ई-२ हा या दुसऱ्या वाटेवरचा ब्रेक आहे. तो मास्ट पेशींनाही, म्हणजे ॲलर्जीची रसायनं साठवणाऱ्या पेशींनाही, शांत ठेवतो.

या रुग्णांत हा ब्रेक मुळातच अशक्त असतो. नाकातल्या मांसात ई-२ कमी बनतं आणि ल्युकोट्राइन बनवणारी यंत्रणा जास्त असते. रक्तातल्या प्लेटलेट पांढऱ्या पेशींना चिकटून त्यात भर घालतात. अस्तराच्या पेशी टीएसएलपी आणि आयएल-३३ हे संदेश सोडतात, त्यातून आयएल-५ आणि आयएल-१३ वाढतात आणि इओसिनोफिल या सूज वाढवणाऱ्या पांढऱ्या पेशींची गर्दी होते. ही सूज गोळी न घेताही बारा महिने चालूच असते.

अशा माणसाने ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक घेतलं की कॉक्स विकराचा कॉक्स-१ हा प्रकार बंद पडतो आणि उरलासुरला ब्रेकही सुटतो. मास्ट पेशी फुटतात, ल्युकोट्राइन, प्रोस्टाग्लँडिन डी-२ आणि हिस्टामिन एकदम बाहेर पडतात.

यातून कामाच्या तीन गोष्टी निघतात. पहिली, ही आयजीई या प्रतिपिंडामुळे होणारी नेहमीची ॲलर्जी नाही, त्यामुळे त्वचेवरची टोचणी किंवा रक्तातलं आयजीई पाहून तिचं निदान होत नाही. दुसरी, एका गोळीने त्रास झाला तर कॉक्स-१ अडवणाऱ्या सगळ्याच गोळ्यांनी होऊ शकतो, कंपनी बदलून फरक पडत नाही. तिसरी, नुसत्या गोळ्या टाळल्याने अचानक येणारा झटका टळतो, पण मांस वाढणं आणि दमा थांबत नाही. “मी गोळ्या बंद केल्या, आता बरा आहे” असं समजून पंप सोडणारे पुन्हा अडचणीत येतात ते यामुळेच.

## टप्पा २: आधी लक्षणांची नोंद करा

डॉक्टरांकडे जाण्याआधी एका कागदावर पुढच्या गोष्टी लिहा. तोंडी सांगताना निम्मं सुटतं.

१. नाक चोंदणं कधी सुरू झालं, वास कधीपासून गेला.
२. दमा कोणत्या वर्षी सुरू झाला.
३. नाकाचं ऑपरेशन किती वेळा आणि कोणत्या वर्षी झालं. नेमकं काय काढलं, पॉलिप (अस्तरातून लोंबणारे मऊ गोळे) की फुगलेलं नैसर्गिक अस्तर, हे डिस्चार्ज कार्डवर पाहा. बोलताना दोन्हींना “मांस वाढलंय” म्हणतात, पण या आजारात पॉलिप महत्त्वाचे.
४. कोणती गोळी किंवा इंजेक्शन घेतल्यावर त्रास झाला आणि किती वेळाने. या आजारात तो साधारण ३० मिनिटं ते ३ तासांत होतो. नाक वाहणं, डोळे लाल होणं, चेहरा तापणं, घरघर अशी सुरुवात असते. काहींना पोटात कळ येते किंवा अंगावर पित्त उठतं.
५. दारूच्या एक-दोन घोटांनीही नाक चोंदतं का. या रुग्णांत हे बरंच आढळतं आणि कुणी विचारल्याशिवाय सांगत नाही.
६. आतापर्यंत स्टेरॉइडच्या गोळ्यांचे किती कोर्स झाले.

तपासा: सुताच्या धुळीने होणारा छातीचा आजार सुट्टीनंतर कामावर गेल्याच्या पहिल्या दिवशी जास्त जाणवतो आणि त्यात वास जात नाही. तुमचा त्रास सुट्टीतही तसाच असेल, नाकात पॉलिप असतील आणि वास गेला असेल, तर धुळीवर खापर फोडून थांबू नका.

फसवी खूण: एकदा झटका आल्यावर पुढचे २ ते ५ दिवस शरीर तीच गोळी सहन करतं. “परवा पुन्हा घेतली, काही झालं नाही, म्हणजे गोळीचा दोष नाही” हा निष्कर्ष म्हणून चुकतो. माँटेलुकास्ट (ल्युकोट्राइन अडवणारी गोळी) किंवा प्रेडनिसोलोन (स्टेरॉइडची गोळी) चालू असतानाही प्रतिक्रिया झाकली जाऊ शकते.

## टप्पा ३: गोळ्यांची यादी करा आणि ती खिशात ठेवा

घरातला औषधांचा डबा ओता आणि प्रत्येक पट्टीच्या मागचं घटकाचं नाव मेडिकलवाल्याकडून वाचून घ्या. पट्टीवरच्या मोठ्या नावावर जाऊ नका. एकाच नावाच्या पुढे-मागे अक्षरं जोडून वेगवेगळी मिश्रणं विकली जातात.

टाळायचे घटक: ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, ॲसिक्लोफिनॅक, नॅप्रोक्सेन, मेफेनॅमिक ॲसिड, केटोरोलॅक, इंडोमेथासिन, पायरॉक्सिकॅम. ओळखीच्या नावांत सांगायचं तर डिस्प्रिन, इकोस्प्रिन, कॉम्बिफ्लॅम, ब्रुफेन, व्होवेरान, झेरोडॉल-पी, मेफ्टाल-स्पास, केटोरोल. सॅरिडॉनमध्येही प्रोपीफेनाझोन हा वेदनाशामक असतो, तीही बाजूला ठेवा.

बहुतेकांना चालणारे: पॅरासिटामॉल एका वेळी ५०० मिग्रॅपर्यंत. १००० मिग्रॅ एकदम घेतल्यास काहींना सौम्य त्रास होतो. सेलेकॉक्सिब आणि इटोरिकॉक्सिब कॉक्स-२ वर काम करतात आणि बहुतेकांना सोसतात, पण पहिला डोस डॉक्टरांसमोर घ्या. निमेसुलाइड आणि मेलॉक्सिकॅम कमी मात्रेत अनेकांना चालतात, मात्रा वाढली की भरवसा नाही.

जिथे हमखास चूक होते ती ठिकाणं अशी:

- दवाखान्यातलं कंबरेतलं इंजेक्शन. ताप-अंगदुखीला दिलं जाणारं इंजेक्शन बऱ्याचदा डायक्लोफिनॅकचं असतं. सुई भरायच्या आधी सांगा, “डॉक्टर, मला दमा आहे आणि डायक्लो चालत नाही.”
- दाताचा दवाखाना. दात काढल्यावर पाण्यात विरघळणारी केटोरोलॅकची गोळी सर्रास देतात.
- पाळीचं दुखणं. मेफेनॅमिक ॲसिडची गोळी मैत्रिणीच्या पर्समधून येते, चिठ्ठीशिवाय.
- बाळंतपण आणि इतर शस्त्रक्रिया. नंतर वेदना कमी करायला गुदमार्गे डायक्लोफिनॅक ठेवतात. भूलतज्ज्ञांना आधीच सांगा आणि केसपेपरवर लाल शाईत लिहून घ्या.
- मोतीबिंदूनंतरचे थेंब. केटोरोलॅकसारखे थेंब डोळ्यातून नाकात उतरतात आणि दमा उठवू शकतात. काचबिंदूच्या टिमोलॉलच्या थेंबांचं कारण वेगळं आहे, पण दमेकऱ्याला तेही धोक्याचे.
- छातीत दुखणं. हार्ट अटॅकच्या शंकेने ३०० मिग्रॅच्या आसपास ॲस्पिरिन लगेच चघळायला देतात. ती देणाऱ्याला हा आजार माहीत असणं जिवाच्या मोलाचं आहे. हृदयाच्या औषधांत ॲस्पिरिन अनेकदा कोलेस्टेरॉलच्या गोळीसोबत एकाच कॅप्सूलमध्ये असते, तेही पाहा.
- सांधेदुखीच्या सुट्या पुड्या. आत काय मिसळलंय ते छापलेलं नसतं. नकोच.

पावसाळ्यात डेंग्यू आणि चिकनगुनियाची साथ असते तेव्हा जास्त जपा. सांधे धरले की लोक स्वतःच वेदनाशामक आणतात. डेंग्यूत ही औषधं रक्तस्रावामुळे सगळ्यांनाच घातक, तुम्हाला दुहेरी घातक.

टोमॅटो, आंबा, मसाले, चिंच बंद करायची गरज नाही. अन्नातल्या सॅलिसिलेटमुळे हा आजार भडकतो म्हणून पथ्य पाळणाऱ्यांची प्रकृती खालावते, नाक तसंच राहतं.

झटका आला तर: सरळ बसा, आडवं पडू नका. सालब्युटामॉलचा पंप स्पेसरमधून (पंपाला जोडायच्या नळकांड्यातून) एकेक करत ४ ते ६ वेळा घ्या, २० मिनिटांनी पुन्हा. ओठ निळसर होणं, वाक्य पूर्ण न बोलता येणं, भोवळ किंवा चेहरा सुजणं यातलं काहीही दिसलं तर पंपाचा परिणाम बघत बसू नका, १०८ ला फोन करा. घेतलेल्या गोळीची पट्टी सोबत न्या. दवाखान्यात हायड्रोकॉर्टिसोन सक्सिनेट शिरेतून झपकन दिल्यास या रुग्णांपैकी काहींचा दमा वाढतो. ते सावकाश द्यावं, एवढं नातेवाइकाने आठवणीने सांगावं.

## टप्पा ४: नाक आणि दमा आधी ताब्यात आणा

हा टप्पा गाळून थेट ऑपरेशनकडे धावणं ही सर्वांत महागात पडणारी घाई. दमा अस्थिर असेल तर भूल धोक्याची, तपासणी अशक्य आणि टप्पा ६ मधला, ॲस्पिरिन सोसवून घेण्याचा उपचारही बंद.

नाक धुणं. २४० मिली पाण्यात अर्ध्या चहाच्या चमच्याला थोडं कमी, म्हणजे सुमारे २ ग्रॅम, आयोडीन नसलेलं मीठ आणि चिमूटभर खायचा सोडा. तयार पुड्या मिळतात, त्या सोप्या. सोलापुरात अनेक भागांत नळाला रोज पाणी येत नाही, टाकीत किंवा पिंपात साठवलेलंच वापरावं लागतं. म्हणून नाकासाठी खळखळ उकळी आल्यावर किमान १ मिनिट उकळून कोमट केलेलं पाणीच घ्या. गाळलेलं किंवा फिल्टरचं चालत नाही. बाटली रोज धुऊन उलटी वाळवा. पुढे वाका, तोंड उघडं ठेवा, एका नाकपुडीतून पाणी हलकेच दाबा, दुसरीतून बाहेर येऊ द्या. डॉक्टरांनी सांगितलं असेल तर याच पाण्यात ब्युडेसोनाइडची नेब्युलायझरची कुपी मिसळतात, औषध खोलवर पोचतं.

स्प्रे. धुतल्यानंतर १०-१५ मिनिटांनी. मान मागे टाकून जोरात ओढलेला स्प्रे थेट घशात जातो. मान किंचित पुढे झुकवा, उजव्या हाताने डाव्या नाकपुडीत आणि डाव्या हाताने उजव्या नाकपुडीत मारा. नळीचं तोंड डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याकडे ठेवा, मधल्या पडद्याकडे नको, नाहीतर रक्त येतं. श्वास अलगद घ्या. चोंदलेलं नाक लगेच उघडणारे थेंब ३ ते ५ दिवसांच्या पुढे वापरू नका.

पंप. स्टेरॉइड असलेला पंप रोज, बरं वाटत असलं तरी. नंतर चूळ भरा.

माँटेलुकास्ट. प्रौढांना रात्री १० मिग्रॅ. ल्युकोट्राइनचा दरवाजा बंद करते, त्यामुळे या आजारात तिला खास जागा आहे. झोप उडणं, भयानक स्वप्नं, चिडचिड किंवा उदासी आली तर घरच्यांनी ताबडतोब डॉक्टरांना कळवावं.

तपासा: स्पायरोमेट्रीत (फुंकून फुप्फुसांची ताकद मोजायच्या चाचणीत) एफईव्ही-१, म्हणजे पहिल्या सेकंदात जोराने बाहेर टाकलेली हवा, अपेक्षित मूल्याच्या ७० टक्क्यांवर आणि रात्री दम्याने जाग येत नाही, तरच पुढे चला.

## टप्पा ५: निदान पक्कं करा

सायनसचा सीटी स्कॅन, दुर्बिणीतून नाकाची तपासणी, स्पायरोमेट्री आणि रक्तातले इओसिनोफिल एवढं लागतं. दोन वेगवेगळ्या वेदनाशामकांनी स्पष्ट त्रास झाल्याचा इतिहास असेल आणि पॉलिप व दमा दोन्ही असतील, तर निदानाला पुष्कळदा तेवढं पुरतं. शंका असेल तर रुग्णालयात ॲस्पिरिनची चाचणी करतात.

नाकाचा आणि छातीचा डॉक्टर एकमेकांशी बोलतील अशी जागा निवडा. सोलापूरच्या सर्वोपचार रुग्णालयात दोन्ही विभाग एकाच आवारात आहेत. खासगीत जाणार असाल तर एकाची चिठ्ठी दुसऱ्याला दाखवणं तुमचं काम, फाइल एकच ठेवा.

सावधान: “घरीच पाव गोळी घेऊन बघू” हा प्रयोग करू नका. प्रतिक्रिया मात्रेच्या प्रमाणात सौम्य राहील याची खात्री नसते.

## टप्पा ६: ऑपरेशन आणि ॲस्पिरिन उपचाराची तारीख एकत्र ठरवा

नुसतं ऑपरेशन केलं तर या आजारात पॉलिप इतरांपेक्षा लवकर परततात. ऑपरेशननंतर साधारण ३-४ आठवड्यांनी, नाक मोकळं असताना, डिसेन्सिटायझेशन करायचं असतं. म्हणजे ॲस्पिरिन वाढत्या मात्रेत देऊन शरीराला ती सोसायला लावायची आणि मग ती रोज चालू ठेवायची. याने प्रोस्टाग्लँडिन डी-२ घटतं, आयएल-४ चे संदेश मंदावतात आणि पॉलिप पुन्हा वाढण्याचा वेग कमी होतो. सहा महिने थांबून केलं तर वाढलेल्या पॉलिपवर ॲस्पिरिन फारसं चालत नाही, तिचं काम वाढ रोखण्याचं.

गरोदरपण, पोटात व्रण, रक्तस्रावाचा विकार, किडनीचा आजार, रक्त पातळ करणारी इतर औषधं किंवा अस्थिर दमा असेल तर हा मार्ग नाही.

रुग्णालयाला आधी हे विचारा: याआधी हे केलं आहे का? दर टप्प्याला स्पायरोमेट्री होते का? अतिदक्षता विभाग त्याच इमारतीत आहे का? सोय इथे नसेल तर पुण्याला जावं लागेल. अंतर अडीचशे किलोमीटर, त्यामुळे त्याच संध्याकाळी परत निघायचा बेत करू नका. मुक्काम आणि सोबत एक माणूस ठेवाच.

## टप्पा ७: डिसेन्सिटायझेशनचा दिवस

१. पंप, नाकाचा स्प्रे आणि माँटेलुकास्ट चालू ठेवा. माँटेलुकास्टमुळे छातीची प्रतिक्रिया सौम्य राहते. बीटा-ब्लॉकर (रक्तदाब-हृदयाची एक प्रकारची औषधं) आणि ॲलर्जीच्या गोळ्या कधी थांबवायच्या ते डॉक्टर सांगतील, स्वतः थांबवू नका.
२. सर्दी-खोकला, ताप किंवा ताजा झटका असेल तर तारीख पुढे ढकला.
३. सकाळी स्पायरोमेट्री, शिरेत सुई लावून ठेवणं.
४. पहिली मात्रा साधारण ४० मिग्रॅच्या आसपास. दर ९० मिनिटं ते ३ तासांनी ती जवळपास दुप्पट करत ३२५ मिग्रॅपर्यंत नेतात. एक ते दोन दिवस लागतात.
५. प्रतिक्रिया येणारच असं धरून चला. नाक वाहिलं, एफईव्ही-१ १५-२० टक्क्यांनी घसरलं, की उपचार करून रुग्ण सावरल्यावर तीच मात्रा पुन्हा देतात. ती सोसली की पुढे.

सावधान: बाजारातल्या ७५ आणि १५० मिग्रॅच्या बहुतेक गोळ्यांना आतड्यात विरघळणारं आवरण असतं. त्यांचा परिणाम उशिरा दिसतो, म्हणून वाढत्या मात्रांच्या या दिवशी साधी, बिनआवरणाची गोळी लागते. आदल्या दिवशी मेडिकलमधून “कुठलीही ॲस्पिरिन” आणून देऊ नका.

## टप्पा ८: रोजचा डोस आणि चुकलेला डोस

सुरुवातीला सहसा ६५० मिग्रॅ दिवसातून दोनदा आणि काही आठवड्यांनी, नाक चांगलं राहिलं तर, ३२५ मिग्रॅ दोनदा. जेवणानंतरच. पोटासाठी पँटोप्राझोलसारखी गोळी सोबत देतात. हृदयासाठीची ७५ मिग्रॅची मात्रा नाकाच्या उपचाराला पुरत नाही.

सहनशक्ती गोळी चालू आहे तोवरच टिकते. एक डोस चुकला तर लक्षात येताच घ्या. ४८ तासांपेक्षा जास्त खंड पडला तर घरी पुन्हा सुरू करू नका, रुग्णालयात परत सोसवून घ्यावी लागते. जत्रा, लग्न, पंढरीची वारी अशा वेळी गोळ्या दोन ठिकाणी वाटून ठेवा, एक पट्टी सोबतच्या माणसाकडे. औषध संपायच्या दहा दिवस आधी पुढचं आणा.

दात काढणं किंवा ऑपरेशन ठरलं आणि कुणी “आठवडाभर ॲस्पिरिन बंद करा” म्हटलं, तर आधी छातीच्या डॉक्टरांना फोन करा. बंद केल्यावर पुन्हा सुरू करण्यासाठी रुग्णालयात जागा ठरवूनच ती थांबवायची. ॲस्पिरिन चालू असताना इतर वेदनाशामकही दम्याच्या दृष्टीने सोसतात, पण पोटात रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो, म्हणून त्यांची भर घालू नका. काळी शी, रक्ताची उलटी, पोटात सततची आग किंवा अंगावर निळे डाग दिसले तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. ताप आला तर रक्त तपासून डेंग्यू नाही ना ते लगेच पाहा.

वास परत येणं काहींना महिन्याभरात, काहींना सहा महिन्यांत जाणवतं. सहा महिन्यांनी नाकाची दुर्बीण आणि स्पायरोमेट्री पुन्हा करून आधीच्या आकड्यांशी ताडून पाहा.

## टप्पा ९: ॲस्पिरिन चालत नसेल तर

पोट सोसत नाही, दमा अस्थिरच राहतो, पॉलिप तरीही परततात किंवा प्रेडनिसोलोनचे कोर्स वर्षातून अनेकदा लागतात, अशांसाठी जैविक इंजेक्शनं आहेत. ड्युपिलुमॅब आयएल-४ आणि आयएल-१३ चे संदेश अडवतं आणि या आजारात वास व पॉलिप दोन्हींवर ठळक परिणाम दाखवतं, पॉलिपसाठी ३०० मिग्रॅ दर दोन आठवड्यांनी. मेपोलिझुमॅब आयएल-५ वर, ओमॅलिझुमॅब आयजीईवर काम करतं. खर्च मोठा आणि बहुधा सतत चालणारा असतो, त्यामुळे सुरू करण्याआधी वर्षभराचा हिशेब आणि विम्याचं लेखी उत्तर हातात घ्या. दोन महिने घेऊन सोडून दिलं की पैसा आणि फायदा दोन्ही जातो.

इंजेक्शन चालू आहे म्हणून टप्पा ३ मधली यादी फेकू नका. काही रुग्णांना त्यानंतर वेदनाशामकं सोसायला लागतात, पण तुम्ही त्यांच्यापैकी आहात का हे रुग्णालयातल्या चाचणीशिवाय ठरत नाही. पंप आणि नाक धुणं डॉक्टर सांगेपर्यंत तसंच सुरू ठेवा.